पाट्यावरचा पिंपळ

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे सावरून लिहून काढले आहे.)



वर्धापन दिनाला दरवर्षी आपण मोठमोठे वक्ते बोलावतो. ते संविधानावर बोलतात, धम्मक्रांतीवर बोलतात, खाजगीकरणावर बोलतात, आणि ते बोललंच पाहिजे. यंदा समितीने मला वेळ दिला आणि विषयही ठरवून दिला. विहाराच्या ओट्यावर दगडावर लावलेलं ते झाड कसं लावलं, का लावलं, आणि त्याच्यावरून महिला मंडळात वाद झाला तो काय, एवढं सांगायचं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस नाही. गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस आहे. जे वाचलं आणि हाताने केलं तेवढंच सांगणार आहे.

ज्यांनी नीट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी झाडाबद्दल. ओट्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर एक पाटा ठेवला आहे. पाटा म्हणजे मसाला वाटायचा पाटा, दुसरा कुठला नाही. त्याच्यावर कुंडी नाही, डबा नाही, कडेला भिंत नाही. सपाट दगड, त्यावर दोन-अडीच इंच मातीचा उंचवटा, आणि त्या मातीत दीड फुटाचा पिंपळ. पायाशी शेवाळ, एका अंगाला नेचा, दुसऱ्या अंगाला घोळीची भाजी. घोळ आम्ही लावली नाही, ती आपली आपणच आली. आम्ही राहू दिली.

आता हा पिंपळ आला कुठून? पावसाळ्याच्या आधी आपल्या सोसायट्यांमध्ये दोराला लटकून पाइप आणि भिंती साफ करणारी माणसं येतात. ड्रेनेजच्या पाइपाच्या सांध्यात, छज्जाच्या खाली, गच्चीच्या कठड्याला पिंपळाची रोपं उगवलेली असतात. ती उपटतात आणि मुळी आत राहिली तर तिच्यावर ॲसिड ओततात. पिंपळाचं फळ कावळा खातो, साळुंकी खाते, कोकीळ खाते. विष्ठेतून बी पडतं. चिमूटभर धूळ आणि थोडी ओल मिळाली की रुजतं. आपल्या नवी मुंबईतल्या जुन्या इमारतींमध्ये गळतीची काही टंचाई नाही, त्यामुळे पिंपळाचीही नाही.

सोसायटीचंही चुकत नाही. मुळी जाड झाली की ती भिंत फोडते, पाइप फोडते. आणि झाड एकदा मोठं झालं की १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून लहान आहे तोवर काटा काढतात. आपल्या ओट्यावरचा पिंपळ अशाच एका पाइपाच्या सांध्यातला आहे. ॲसिडची बाटली घेऊन आलेल्या पोराला दोन मिनिटं थांब म्हटलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून रोप खाली आणलं. त्याची मुळी गाजरासारखी फुगलेली होती. भिंतीत वाढणारं हे रोप उन्हाळ्यासाठी तिच्यात पाणी साठवून ठेवतं.

आपल्या विहारात बोधिवृक्ष असावा ही मागणी विहाराइतकीच जुनी आहे. पण आपला प्लॉट केवढा? तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला गटार आणि रस्ता. ओट्याखालून ड्रेनेजची लाइन गेलेली. अशा जागी जमिनीत पिंपळ लावणं म्हणजे लोकांनी पाच-पाच, दहा-दहा रुपये जमवून बांधलेल्या विहाराच्या पायाखाली आपण होऊन पहार घालणं. मोकळ्या मैदानात पिंपळासारखं झाड नाही. पण आपल्याकडे मैदान नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली, महापालिका १ जानेवारी १९९२ ला आली, शहराचे नकाशे झाले, सेक्टर झाले. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला जमीन काही आली नाही, आली ती खोली. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, ज्याला जमीन नाही अशा झाडाला दगडावर जगवता येईल का?

निसर्गात त्याचं उत्तर आहे. आपण सहलीला कान्हेरीला जातो. लेणी बघताना नुसती आत बघू नका, वरही बघा. काळ्या दगडाच्या कपारीत झाडं उभी आहेत आणि त्यांची मुळं खडकावरून पाण्याच्या ओघळासारखी खाली आलेली आहेत. पिंपळाचाच एक भाऊबंद आहे, त्याला पायर म्हणतात. पान पिंपळासारखं, पण शेपूट आखूड आणि देठ तांबूस. तो तर खडकातलाच रहिवासी. साताऱ्याजवळचं कास पठार पाहा. सह्याद्रीतल्या ज्या जागांना २०१२ साली जागतिक वारशात घेतलं त्यात ते आहे. खाली सगळा सपाट जांभा दगड आणि वर वीतभरही माती नाही. तिथे मोठी झाडं उभी राहत नाहीत, पण पावसाळ्यात तेवढ्याच मातीवर तेरडा, सोनकी अशी फुलं फुलतात आणि लोक गाड्या करून बघायला जातात. म्हणजे सपाट दगडावर काही जगतच नाही हे खरं नाही. काय जगतं आणि कशावर जगतं एवढंच बघावं लागतं.

जपानमध्ये दगडावर झाड लावायची रीतच आहे. त्याला ते इशित्सुकी म्हणतात. मोठ्या झाडाच्या जोडीला लहान ताटलीत गवत, नेचे, रानफुलं लावतात, त्याला कुसामोनो असं नाव आहे. आपल्या पाट्यावरचा नेचा आणि घोळ म्हणजे आपलं कुसामोनो. फुकटातलं. आपल्या राज्यातही ही कला आहे. मुंबईत, पुण्यात तिच्या संस्था आहेत, २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राजक्ता काळे यांनी हजारो बोन्साय मांडून प्रदर्शन भरवलं होतं. पण आपल्या वस्तीत बोन्साय म्हटलं की बंगलेवाल्यांचा शौक आणि हजारो रुपयांचं बिल, एवढंच डोळ्यापुढे येतं. त्यात नर्सरीवाले त्याच्यावर ‘गुडलक’ची चिठ्ठी लावतात. त्या गुडलकशी आपला काही संबंध नाही.

आता वादाकडे येतो. झाड पाट्यावर बसवलं त्या दिवशी आपल्या एक ज्येष्ठ उपासिका, सगळ्या वस्तीच्या आजी, ओट्यावर बसल्या होत्या. कात्री घेऊन मी मुळं कापतोय हे त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “बाबा, आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या वाढू दिलं न्हाई. मुळावरच घाव घातला. आन् आता तूच बोधिवृक्षाच्या मुळ्या छाटतूस व्हय?”

बंधूंनो, मी चळवळीत पुष्कळ भाषणं ऐकली. पण हा प्रश्न ऐकून माझी कात्री थांबली. महिला मंडळात दोन तट पडले. काही भगिनी म्हणाल्या, झाड काढा, बोधिवृक्ष खुजा करून ठेवणं हा अपमान आहे. काही म्हणाल्या, काढलं तर जाईल कुठे? परत पाइपात?

मी त्यावर जे वाचलं आणि आजींना सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. पहिली गोष्ट शब्दाची. बोन्साय म्हणजे खुजं झाड असा अर्थ आपण धरतो. जपानी शब्दात खुजेपणाचं काही नाही. ‘बोन’ म्हणजे ताट, तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणं. तबकात लावलेलं झाड, एवढाच अर्थ. ही कला मूळची चीनची. तिथल्या एका राजपुत्राच्या इसवी सन ७०६ मधल्या थडग्याच्या भिंतीवर चित्र आहे. त्यात एक सेवक तबकात छोटी झाडं आणि दगड घेऊन चालला आहे. पुढे ती जपानला गेली, त्यात बौद्ध भिक्खूंचा मोठा हात होता असं सांगतात. म्हणजे ही कला विहाराच्या अंगणाला काही परकी नाही.

दुसरी गोष्ट बोधिवृक्षाची. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेली. महावंस या ग्रंथात सांगितलं आहे की ती फांदी सोन्याच्या पात्रात लावून जहाजातून नेली. म्हणजे आपला बोधिवृक्ष समुद्र ओलांडून गेला तो भांड्यातूनच. अनुराधपूरला तो जमिनीत लावला, आणि त्याच झाडापासूनची रोपं भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीला आणली. बोधगयेचं झाड तरी कुठे एकच आहे? तिथला जुना पिंपळ १८७६ च्या वादळात पडला, मग अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८८१ च्या सुमाराला त्या जागी रोप लावलं, तोच आज उभा आहे. (त्या विहाराचा कारभार आणि १९४९ चा कायदा हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, आज त्यात जात नाही.)

तिसरी गोष्ट दगडाची, आणि ही मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटते. बोधगयेला पिंपळाखाली वज्रासन आहे. ते आहे काय? एक सपाट शिळा. अशोकाच्या काळातली, घासून चकाकी आणलेली, जवळजवळ आठ फूट लांब आणि साडेचार फुटांहून थोडी जास्त रुंद. सांची आणि भारहुतची शिल्पं फोटोत तरी पाहा. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नव्हते. बुद्ध दाखवायचा तर पिंपळ आणि त्याखाली रिकामं दगडी आसन कोरायचे. सपाट दगड आणि पिंपळ ही जोडी कुणा जपान्याने आपल्याला शिकवलेली नाही. तेव्हा पाट्यावर पिंपळ ठेवला तर बोधिवृक्षाचा अपमान होतो, हे काही मला पटत नाही.

हे सगळं आजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ते समदं खरं. पर मुळ्या का छाटल्या ते सांग.”

बरोबर आहे. इतिहास सांगून मुळाचा प्रश्न सुटत नाही. म्हणून मुळाचंच सांगतो. झाडाचं जाड मूळ हे झाडाला धरून ठेवायचं काम करतं. पाणी आणि अन्न ओढतं ते केसासारखं बारीक मूळ. जाड मूळ कापलं की कापल्या जागेपासून बारीक मुळांचा झुपका फुटतो आणि तेवढ्याच मातीत झाडाचं पोट भरतं. पिंपळ, वड, उंबर यांना हे चांगलं सोसतं. आणि थोड्या मातीत झाड उपाशीच राहतं असं नाही. जपानमध्ये १६२५ पासून तबकात वाढवलेला एक पाइन आहे. १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर कुंपणाच्या भिंतीआड होता, आणि तो वाचला. यामाकी घराण्याने तो १९७६ साली भेट दिला, आणि कुणाला, तर अमेरिकेला. आज तो वॉशिंग्टनच्या सरकारी बागेत आहे. चारशे वर्षांच्या आसपास वयाचं झाड, ताटभर मातीत. ज्याला उपाशी ठेवलं ते चारशे वर्षं जगत नाही.

तरी पण आजींचं म्हणणं मी खोडून काढलं असा दावा मी करणार नाही. ज्या झाडाला जमीन मिळू शकते त्याला तबकात डांबून ठेवायचं आणि मोठेपणा मिरवायचा, हे मलाही मान्य नाही. फांद्यांना तार गुंडाळून त्या हव्या तशा वाकवतात, ते आपण इथे करत नाही. आपण तार वापरली ती फक्त मुळं दगडाला बांधायला, आणि मुळांनी धरल्यावर ती कापून टाकली. आणि आजींच्या सांगण्यावरून महिला मंडळाने एक नियम केला. पाइपातून जेवढी रोपं निघतील त्यातलं एकच विहारात राहणार. बाकीची ज्यांच्या गावी मोकळी जागा आहे, तिथल्या विहाराच्या आवारात लावायला द्यायची. आजपर्यंत दोन रोपं अशी गावाला गेली. एक एसटीच्या टपावरच्या सामानात गेलं आणि तरीही जगलं.

आता कृती सांगतो, कारण बऱ्याच जणांनी विचारली आहे. वह्या असतील तर लिहून घ्या.

दगड कोणता? कडप्पा घेऊ नका. गुळगुळीत असतो, पाणी आणि माती दोन्ही घसरतात, आणि काळा पातळ असल्याने उन्हात तव्यासारखा तापतो. शहाबादी फरशी त्यापेक्षा बरी, पण पातळ फरशी वजनाने तडकते. सगळ्यात चांगला आपला सह्याद्रीचा काळा दगड. आपल्या मागचा पारसिकचा डोंगर त्याच दगडाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो थर आहे, आणि कान्हेरीपासून अजिंठ्यापर्यंतची लेणी त्याच्यातच कोरलेली. तुर्भे, शिरवणे, दिघा या बाजूला डोंगर फोडून त्याची खडी केली आणि त्या खडीवर हे शहर उभं राहिलं. ती खडी फोडणाऱ्या हातांमध्ये ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून आलेले आपलेही लोक होते, ज्यांनी आधी गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडली आणि इथे येऊनही खडीच फोडली. इथे बसलेल्या कितीतरी आयांच्या हातावर अजून त्याची खूण आहे.

पण खाणीतला दगड आणायची गरजच पडली नाही. मिक्सर आल्यापासून प्रत्येकाच्या घरात पाटा जिन्याखाली उभा करून ठेवलेला आहे. टाकता येत नाही आणि वापरला जात नाही. वडारणी यायच्या, ‘टाकी लावायची का टाकी’ म्हणून हाळी द्यायच्या आणि पाट्यावर छिन्नीने खाचा पाडून द्यायच्या. ती टाकी आपल्या फार कामाची. त्या खाचांमध्ये माती धरून राहते आणि बारीक मुळं शिरतात. फक्त एक लक्षात ठेवा. पाट्याने वर्षानुवर्षं मीठ-मिरची पिलेली असते. मीठ मुळाला जाळतं. आठ दिवस पाटा पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आणि काथ्याने घासा. त्यानंतर दोन दिवस उन्हात वाळवा.

पाटा खडखडीत वाळल्यावर तारा लावायच्या. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची बारीक तार घ्या, वीतभर लांबीचे चार-पाच तुकडे करा, प्रत्येकाचा मध्य वळवून एम-सीलने दगडाला चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. दगड ओला असेल तर एम-सील धरत नाही. नंतर कुंभाराची माती, चाळलेलं जुनं शेणखत आणि काथ्याचा भुसा एकत्र कालवून घट्ट चिखल करा. भाकरीच्या पिठाइतका घट्ट. त्याची बोटभर उंचीची पाळ दगडावर घाला, पण पूर्ण गोल नाही, घोड्याच्या नालासारखी, एका बाजूने उघडी. पाणी साचून राहिलं तर मूळ कुजतं. आत भरायची माती निम्मी विटांच्या चुऱ्याची. चुरा चाळून त्यातली भुकटी फेकून द्यायची आणि ज्वारी-मक्याच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे. बाकी निम्म्यात लाल माती आणि गांडूळखत.

रोप बसवायचं ते जूनमध्ये, पहिला पाऊस लागल्यावर. जाड मूळ तिसरा हिस्सा कापा, तेवढीच पानंही कमी करा, म्हणजे झाडाचा खर्च आणि आवक बरोबर राहते. तारांनी मूळ दगडाला हलकं बांधा, माती दाबा, आणि वरून शेवाळ लावा. शेवाळ विकत आणू नका. जुलैत आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर पाहिजे तेवढं असतं, उलथन्याने सोडवून घ्या. शेवाळ हे नुसतं दिसायला नाही. कडेला भिंत नसल्यामुळे पावसाच्या पहिल्या सरीबरोबर माती वाहून जायची, ती शेवाळ धरून ठेवतं.

पिंपळाची पानं मोठी राहतात, त्याची खंत करू नका. पानं लहान दिसणारं झाड हवं असेल तर पायर किंवा वड घ्या. दर दोन वर्षांनी पावसाच्या तोंडावर सगळी माती भाकरीसारखी अलगद उचलायची, खालची मुळं छाटायची, नवी माती घालून परत ठेवायचं. आणि एक हात जोडून विनंती. झाडाच्या मातीत मेणबत्ती आणि अगरबत्ती खोचू नका, शेवाळ जळतं. हळद-कुंकू तर नाहीच नाही. आपण पिंपळाला दोरे गुंडाळत नाही, त्याच्यावर मुंजा असतो असं मानत नाही. हे झाड आहे. त्याला पाणी लागतं.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो तो मुद्दा पाण्याचाच आहे.

पहिल्या वर्षी आम्ही दोन पाटे लावले. एक इथे विहाराच्या ओट्यावर, दुसरा शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंच्या गॅलरीत. एकाच दिवशी, एकाच मातीत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. तीन महिने रोज संध्याकाळी विहार उघडलं, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचं वाचन झालं, पन्नास-साठ माणसं रोज येत होती. वरून पाऊस होता. दोन्ही झाडं सारखीच वाढली. आश्विन पौर्णिमेला सांगता झाली, खीर वाटली, फोटो काढले आणि विहाराला कुलूप लागलं. पाऊसही तेव्हाच गेला. ऑक्टोबरची काहिली सुरू झाली, दिवाळीच्या सुट्टीत निम्मी वस्ती गावाला गेली. किल्ली कुणाकडे आहे हे विचारायला फोन केला तर तो म्हणायचा त्याच्याकडे, आणि तो म्हणायचा ह्याच्याकडे. चौदा दिवसांनी विहार उघडलं तेव्हा पाट्यावरची माती दगडापासून सुटून पापडासारखी वर आली होती. झाड गेलं होतं. ताईंच्या गॅलरीतलं झाड हिरवंगार. आज ओट्यावर आहे ते ताईंनी विहाराला दान दिलेलं झाड आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. त्यांनी नाव लावू नका म्हणून सांगितलं, म्हणून मीही घेत नाही.

रायगड जिल्ह्यात मांदाडच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात व्यापारी आहेत, वैद्य आहे, आणि एक मालाकार म्हणजे माळीही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका माळ्याने विहाराला दान दिलं, ते अजून दगडावर वाचता येतं. ताईंचं दान त्याच रांगेतलं आहे, असं मी समजतो.

जमिनीतलं झाड चार दिवस पाणी नाही मिळालं तरी खाली मुळी पाठवून पाणी शोधतं. कुंडीतलं झाड दोन-तीन दिवस काढतं. दगडावरच्या झाडाजवळ साठा नसतो. चारी बाजूंनी वारा लागतो, खालून दगड तापतो. थंडीत दिवसाला एकदा, मार्च ते मे सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी, आणि तेही झारीने हळूहळू, नाहीतर घसरून जातं. शेवाळ पिवळट पडलं की समजायचं आजचं पाणी राहिलं. गिरणीत सूत तुटू नये म्हणून खात्यामध्ये हवेत सतत पाण्याचे बारीक तुषार सोडत असत. हवा कोरडी झाली की धागा तुटायचा आणि साचा उभा राहायचा. म्हणून ते काम एका माणसाच्या मर्जीवर नव्हतं. पहिली पाळी सुटायच्या आत दुसरी पाळी हजर.

एका माणसावर सोपवलं तर काय होतं ते आपण पाहिलं. म्हणून समितीपुढे मी पाळ्यांचा प्रस्ताव ठेवला आणि तो मंजूर झाला. सात दिवसांच्या सात पाळ्या, प्रत्येक पाळीला दोन घरं. एक घर गावाला गेलं तरी दुसरं आहे. ज्या घराची पाळी त्यांच्याकडे त्या दिवशी विहाराची किल्ली. आता काहीजण म्हणाले, झाड ओट्यावर आहे, त्याला पाणी घालायला विहार कशाला उघडायचं? बाहेरच्या बाहेर घाला. तर नाही. नळ आत आहे, हे एक कारण. दुसरं कारण मी स्पष्टच सांगतो. वर्षावासाचे तीन महिने सोडले तर आपलं विहार रविवारी आणि पौर्णिमेला उघडतं. बाकी दिवस कुलूप. पोरांना अभ्यासाला जागा नाही, दहावीची मुलं जिन्यात बसून वाचतात, आणि आपण बांधलेली एवढी मोठी खोली अंधारात असते. आता झाडाला पाणी घालायला रोज संध्याकाळी सात वाजता कुलूप निघतं. कुलूप निघालं की दिवा लागतो. दिवा लागला की दोन पोरं दप्तर घेऊन येऊन बसतात. गेल्या महिन्यात मी मोजलं, तेव्हा एकदा नऊ मुलं होती आणि एकदा चौदा. त्यांना साडेनऊपर्यंत बसू द्यावं, वीजबिलाचा भार महिला मंडळ आणि समितीने निम्मा-निम्मा उचलावा, असं ठरलं आहे.

आजींनी सोमवारची पाळी स्वतः मागून घेतली. झाडाला पाणी घालतात आणि अजूनही दर सोमवारी मला विचारतात, “ह्याला जमिनीत कवा लावतूस?” मी म्हणतो, आजी, महापालिकेच्या उद्यानात जागा मागायचा अर्ज दिला आहे. त्या म्हणतात, “मग अर्जाच्या मागं लाग.” लागलो आहे. अर्जावर ज्यांना सह्या करायच्या आहेत त्यांच्यासाठी कागद बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवला आहे.

पाळ्यांपैकी मंगळवारचं एक घर आणि शुक्रवारचं एक घर अजून भरायचं आहे. मंगळवारचं कुटुंब खोली बदलून उलव्याला गेलं, शुक्रवारच्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. भोजनदान सुरू होण्याआधी दोन नावं माझ्याकडे लिहून द्यावीत. झारी नळाखाली आहे, किल्ली आज माझ्याकडे आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.